सिनॅप्सवर पीएचडी, जर्मनीत : अर्जाचा क्रम चुकवू नका

"ताई, जागा निघालीय, उद्या शेवटची तारीख आहे, जरा लेटर बघता का?" असा निरोप मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. लेटर उघडावं तर पहिली ओळ 'लहानपणापासून मला मेंदूबद्दल कुतूहल'. मग केलेल्या सगळ्या प्रॅक्टिकलची यादी आणि शेवटी त्या प्रयोगशाळेबद्दल जाहिरातीतलंच एक वाक्य, शब्द थोडे फिरवून. पाठवणारी मुलं हुशार असतात. त्यांचा क्रम चुकतो. अर्ज आधी जातो, वाचन मुलाखतीच्या आदल्या रात्री होतं आणि कागदपत्रांची धावपळ निवड झाल्यावर सुरू होते.

हा लेख जर्मनीपुरता आहे. तिथे डॉक्टरेट ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते आणि सिनॅप्सवर, म्हणजे चेतासंधीवर, काम करणाऱ्या प्रयोगशाळा ग्योटिंगेन, बर्लिन, माग्डेबुर्ग, हॅम्बुर्ग, फ्रँकफुर्ट अशा काही शहरांत दाटीने आहेत. भारतातच, एनसीबीएस किंवा आयसरसारख्या संशोधन संस्थेत जायचं असेल तर प्रवेशपरीक्षेची वाट वेगळी, ती इथे नाही.

## टप्पा १ : जाहिरात वाचा, म्हणजे खरोखर वाचा

जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार म्हणजे एका प्रयोगशाळेची थेट जागा. प्राध्यापकाकडे प्रकल्पाचे पैसे आलेत आणि तो किंवा ती माणूस शोधतेय. प्रकल्प बराचसा ठरलेला असतो. ग्योटिंगेनचा 'एसएफबी १२८६' हा सिनॅप्सचं मोजमाप करणारा सामूहिक प्रकल्प. अशा प्रकल्पांतून निघणाऱ्या जागा या प्रकारात येतात.

दुसरा प्रकार ग्रॅज्युएट स्कूलचा. ग्योटिंगेनचं माक्स प्लांक न्यूरोसायन्स स्कूल हे त्यातलं जुनं नाव. इथे वर्षातून एकदा अर्ज करायचा आणि निवड झाल्यावर प्रयोगशाळा ठरवायची. नुसती पदवी झालेल्यांनाही तिथे अर्ज करता येतो. थेट जागेसाठी मात्र जवळजवळ नेहमीच मास्टर्स लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे डीएएडीसारख्या (परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणारी जर्मन संस्था) ठिकाणाहून शिष्यवृत्ती स्वतः मिळवून जाणं. त्यासाठीही आधी एखाद्या प्राध्यापकाचा होकार लागतो, त्यामुळे पुढचे टप्पे चुकत नाहीत.

जाहिरातीत 'टीव्ही-एल ई १३, ६५ टक्के' असं काही लिहिलेलं असेल. टीव्ही-एल हा राज्य सरकारी संस्थांचा वेतनकरार आणि ई १३ त्यातली श्रेणी. ६५ टक्के म्हणजे पगार पूर्ण नोकरीच्या ६५ टक्के. २०२५च्या तक्त्यात नव्या माणसाचा पूर्ण पगार महिना सुमारे ४,६०० युरो होता, म्हणजे तुमच्या वाट्याला कापाकापीआधी साधारण ३,०००. कर आणि विमे वजा झाले की त्यातला जवळपास तिसरा हिस्सा जातो. युरोला रुपयांनी गुणून घरी आकडा सांगायची घाई करू नका. आणि ६५ टक्के पगार म्हणजे ६५ टक्के काम, अशा भ्रमातही राहू नका. उरलेला वेळ 'तुमच्या प्रबंधाचा', म्हणजे त्याच प्रयोगशाळेतला.

सावधान : नोकरी मिळणं आणि पीएचडीला नोंदणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माक्स प्लांकसारखी संस्था स्वतः पदवी देत नाही, पदवी विद्यापीठाची असते. त्यामुळे कोणत्या विद्यापीठात, कोणत्या विद्याशाखेत नोंदणी होणार हे जाहिरातीतून कळत नसेल तर तो प्रश्न मुलाखतीसाठी आत्ताच लिहून ठेवा.

## टप्पा २ : सिनॅप्सची बाजू आणि तंत्र ठरवा

'मला सिनॅप्सवर काम करायचंय' हे 'मला बँकेत काम करायचंय' इतकंच मोघम आहे. दोन पेशींमधली ती फट सुमारे २० नॅनोमीटरची, पण तिच्या दोन काठांवरची माणसं वेगळ्या भाषा बोलतात.

अलीकडच्या, म्हणजे संदेश धाडणाऱ्या, काठावर प्रश्न असतो पुटिकेचा : सुमारे ४० नॅनोमीटरची, रसायनाने भरलेली ती पिशवी पटलाशी येते कशी, तयार होते कशी, कॅल्शियम आत शिरताच हजारांश सेकंदात फुटते कशी? इथली रोजची नावं सिनॅप्टोटॅग्मिन, मंक१३, रिम, बॅसून, स्नेअर ही प्रथिनं. पलीकडच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या, काठावर प्रश्न ग्राहकांचा : आम्पा आणि एनएमडीए रिसेप्टर तिथे किती, पीएसडी-९५ हे प्रथिन त्यांना धरून कसं ठेवतं, शिकताना त्यांची संख्या कशी बदलते? तिसरा गट दोन काठ एकमेकांना ओळखतात कसे हे पाहतो.

त्याहून महत्त्वाचं तंत्र, कारण चार वर्षं तुमचे हात तेच करणार आहेत. पॅच क्लँपच्या, म्हणजे एकेका पेशीचा विद्युतप्रवाह नोंदवणाऱ्या, प्रयोगशाळेत सकाळी मेंदूचे काप काढायचे आणि संध्याकाळपर्यंत काचेच्या सुईच्या टोकावर एकेक पेशी धरत बसायचं. चांगल्या दिवशीही हातात येतात बोटांवर मोजण्याइतक्याच नोंदी. इमेजिंगच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे जेवढा वेळ जातो, त्याच्या तिप्पट त्या प्रतिमांचं विश्लेषण करण्यात जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या कामात नमुना तयार करण्यातच आठवडे जातात. अंधाऱ्या खोलीत एकटं बसणं जमत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

वाचन असं करा. प्रयोगशाळेचे गेल्या पाच वर्षांतले तीन पेपर घ्या, त्यात मूळ संशोधनाचे किमान दोन. प्रत्येकासाठी वहीत चारच ओळी लिहा :

१. प्रश्न काय होता?
२. कशावर केलं : उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या वाढवलेल्या पेशी, मेंदूचे काप, श्रवणमार्गातला 'कॅलिक्स ऑफ हेल्ड' हा भलामोठा सिनॅप्स की फळमाशी?
३. कोणत्या तंत्राने?
४. काय सुटलं नाही?

चौथी ओळ पेपरच्या शेवटच्या चर्चेत सापडते, आणि पुढे तुमचं लेटर उभं राहतं ते तिच्यावरच. ग्रंथालय नसलेल्या कॉलेजातली मुलं विचारतात, पेपर मिळणार कुठे? जर्मन संस्थांचे बरेच पेपर मोफत वाचायला मिळतात, आणि छपाईपूर्व प्रती बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर असतात.

तपासून बघा : वही मिटा आणि प्रयोगशाळेचा प्रश्न तीन वाक्यांत मराठीत, जीवशास्त्र न शिकलेल्या कुणालातरी सांगा. मी आईला सांगायचे. तिने "मग?" विचारलं की समजायचं, पुन्हा वाचावं लागणार.

सावधान, प्राण्यांबद्दल : सिनॅप्सच्या बहुतेक प्रयोगशाळांत उंदीर लागतात, आणि ताज्या मेंदूचे काप याचा अर्थ तुमच्या हातून प्राणी मारला जाणार. युरोपात यावर कडक कायदे आहेत, आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते संस्था करवून घेते. पण हात धजेल का, घरच्या आचारविचारात बसेल का, याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. नसेल जमत तर मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी चेतापेशी, गणिती मॉडेलिंग किंवा प्रतिमा-विश्लेषण करणाऱ्या गटांकडे वळा. नोकरीवर रुजू झाल्यावर हे सांगणं दोन्ही बाजूंना महाग पडतं. उंदरांच्या केसांची ॲलर्जी असेल तरी तेच.

## टप्पा ३ : कागदपत्रं जाहिरातीच्या आधी

इथे आपल्याकडची मुलं सर्वांत जास्त अडकतात, म्हणून जरा थांबते.

नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन रकाने. जर्मन कार्यालय दोन कागदांवर दोन क्रम पाहतं आणि विचारतं, ही तीच व्यक्ती आहे का? पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सीव्हीवर, अर्जात, ईमेलवर, सगळीकडे ठेवा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर विद्यापीठातून किंवा प्रतिज्ञापत्राने आत्ताच निस्तरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही संचात हवा.

ट्रान्सक्रिप्ट. सेमिस्टरच्या सुट्या गुणपत्रिका म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. विद्यापीठाकडून सर्व विषय, श्रेयांक आणि गुण एकत्र असलेली प्रत मागवा. यात आठवडे जातात, सुट्या आल्या तर आणखी. पदवी प्रमाणपत्र पदवीदानानंतरच मिळणार असेल तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढून ठेवा.

ग्रेड. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. रूपांतराचं सूत्र सोपं आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्या फरकाने भागा, ३ ने गुणा आणि १ मिळवा. समजा दहाच्या स्केलवर तुमचे ८.२ आहेत आणि किमान उत्तीर्ण ग्रेड ४. मग १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १ म्हणजे १.९. हीच किमान ग्रेड चुकून ५ धरली तर उत्तर २.१ च्या घरात जातं. म्हणून विद्यापीठाच्या ग्रेड-पद्धतीचं पान ट्रान्सक्रिप्टला जोडा. समोरच्याला अंदाज करायला लावू नका.

शिफारस करणारे. दोन पुरेत. त्यातला एक तुमच्या डिसर्टेशनचा मार्गदर्शक हवाच. विभागप्रमुखांचं नाव वजनदार वाटतं, पण त्यांनी तुमचे हात कधी पाहिलेच नसतील तर 'विद्यार्थिनी नियमित व सुशील आहे' यापलीकडे पत्रात काही येत नाही. नाव देण्याआधी सरांना किंवा मॅडमना भेटा, जाहिरात आणि सीव्ही हातात द्या. ईमेल शक्यतो संस्थेचा असावा.

## टप्पा ४ : सीव्ही, दोन पानं

वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे' अशी सही केलेली घोषणा : हे सगळं काढा. दहावी-बारावीचे टक्केही जाऊ द्यात.

तंत्रांची यादी करताना प्रामाणिक उतरंड ठेवा : स्वतः अनेकदा केलेलं, देखरेखीखाली केलेलं, फक्त पाहिलेलं. एका कार्यशाळेत दोन दिवस पाहिलेला पॅच क्लँप 'कौशल्य' म्हणून लिहिला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. 'सील रेझिस्टन्स (काचेची सुई पेशीला किती घट्ट चिकटली याचं माप) किती मिळत होता?' याला उत्तर नसेल तर उरलेल्या सीव्हीवरचाही विश्वास उडतो. प्रोग्रॅमिंग येत असेल तर ठळक लिहा. पायथनमध्ये स्वतः लिहिलेला छोटासा विश्लेषणाचा कोड दाखवता आला तर ती आज मोठी जमेची बाजू आहे.

## टप्पा ५ : लेटर, एकच पान

लेटर इंग्रजीतच लिहायचं. मी इथे आशय मराठीत देते.

सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर' नको. कितीतरी गटप्रमुख स्त्रिया आहेत. 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव, बस. नाव कॉपी करताना जागे राहा : मी स्वतः एकदा एका प्राध्यापकाला दुसऱ्याचं नाव घालून पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, यायला नकोच होतं.

नेहमी येणारा परिच्छेद असा असतो :

*'मला न्यूरोसायन्समध्ये प्रचंड रस आहे. तुमच्या नामांकित प्रयोगशाळेत काम करणं हा माझ्यासाठी सन्मान असेल. मी मेहनती आणि जलद शिकणारी आहे.'*

यातलं एकही वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तरी चाललं असतं, आणि हाच त्याचा दोष.

आता हे बघा. आपल्याकडे बऱ्याच विभागांत फळमाशी असते, कारण ती स्वस्त. तिच्या अळीचा स्नायू आणि चेतापेशी यांचा सांधा हाही ग्लुटामेट या रसायनावर चालणारा सिनॅप्सच आहे. पुटिका जिथे फुटतात त्या जागा म्हणजे सक्रिय पट्टे. त्यावर डिसर्टेशन केलेल्या मुलीने असं लिहावं :

*'डिसर्टेशनमध्ये मी अळीच्या चेता-स्नायू सांध्यावर एनसी८२ प्रतिपिंडाने ब्रुखपायलट हे प्रथिन रंगवलं आणि सक्रिय पट्ट्यांचे ठिपके मोजले. उत्परिवर्ती अळ्यांत ते कमी होते. पण ठिपके कमी म्हणजे ग्लुटामेटचं सुटणंही कमी, हे मला म्हणता आलं नाही, कारण आमच्याकडे विद्युत नोंदीची सोय नव्हती. तुमच्या गटाच्या अमुक पेपरमध्ये रचना आणि सुटण्याची शक्यता एकाच सांध्यावर मोजली आहे. मला नेमकं तेच शिकायचं आहे.'*

पाच वाक्यांत चार गोष्टी झाल्या : हाताने काय केलं, काय मिळालं, कुठे अडलं आणि तुमच्याकडेच का. अडलेलं लिहायला आपली मुलं घाबरतात. निवड करणारे मात्र तिथेच थांबून वाचतात, कारण स्वतःच्या निकालाची मर्यादा ओळखणारा माणूस त्यांना हवा असतो.

उरलेल्या जागेत जाहिरातीतल्या अटींपैकी तुमच्यात काय आहे आणि काय नाही हे सरळ लिहा, शिवाय कधीपासून रुजू होऊ शकता तेही. डिसर्टेशन जुलैत संपणार असेल तर 'तत्काळ' लिहू नका.

एआयकडून लेटर लिहून घेणाऱ्यांसाठी : व्याकरण तपासायला वापरा. मजकूर त्याच्याकडून घेतलात तर त्याच आठवड्यात आलेल्या इतर अर्जांसारखाच सूर लागतो, आणि वाचणाऱ्याला तो तिसऱ्या ओळीत ऐकू येतो.

तपासून बघा : लेटरमधून प्राध्यापकाचं आणि संस्थेचं नाव खोडा. तरीही ते कुणाला लिहिलंय हे कळतंय का? नसेल तर टप्पा २ वर परत.

## टप्पा ६ : पाठवणं

सगळं एकाच पीडीएफमध्ये : लेटर, सीव्ही, पदव्या, ट्रान्सक्रिप्ट. फाइलचं नाव तुमचं आडनाव, 'फायनल-नवीन-२' नव्हे. जाहिरातीत संदर्भ क्रमांक असेल तर तो ईमेलच्या विषयात. अर्ज पोर्टलवर मागितला असेल तर प्राध्यापकाला वेगळा ईमेल करून पोर्टल चुकवू नका, नोंद तिथलीच धरतात.

शेवटच्या तारखेच्या किमान तीन दिवस आधी पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एक छोटं विचारणापत्र चालतं. दुसरं नको.

## टप्पा ७ : मुलाखत

आधी वेळ. भारतापेक्षा जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळी वेळेत साडेतीन. बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्या आठवड्यातली मुलाखत असेल तर वेळ लिहून पक्की करून घ्या.

पहिली पंधरा-वीस मिनिटं तुमच्या डिसर्टेशनचं सादरीकरण. दहा स्लाइड पुरतात. प्रत्येक आलेखाखाली किती नमुने आणि 'एक नमुना' म्हणजे काय, पेशी की प्राणी, हे लिहा. एका उंदराच्या वीस पेशी म्हणजे वीस उंदीर नव्हेत, आणि हा फरक तुम्हाला कळतो का हे ते पाहणारच.

मग प्रश्न. एक नमुना सांगते, कारण हा वेगवेगळ्या रूपांत येत राहतो : 'टेट्रोडोटॉक्सिन घालून छोटे उत्तेजक प्रवाह नोंदवले. उत्परिवर्ती पेशींत त्यांची वारंवारता निम्मी झाली, उंची तीच राहिली. काय समजायचं?'

घाईचं उत्तर : 'दोष अलीकडच्या काठावर.' चांगलं उत्तर इथून पुढे चालतं. टेट्रोडोटॉक्सिनने सोडियम वाहिन्या बंद झाल्या, त्यामुळे दिसतंय ते एकेका पुटिकेचं आपोआप फुटणं. उंची तीच म्हणजे प्रत्येक सांध्यावरचे ग्राहक बहुधा ठीक आहेत. वारंवारता मात्र दोन कारणांनी घटते : पुटिका सुटण्याची शक्यता कमी झाली, किंवा सिनॅप्सच कमी आहेत. वेगळं कसं करणार? दोन्ही काठांची प्रथिनं रंगवून सिनॅप्स मोजा. जोडीने दोन स्पंद देऊन दुसऱ्या प्रतिसादाचं पहिल्याशी प्रमाण बघा. संवर्धित पेशी असतील तर दाट सुक्रोज देऊन तयार पुटिकांचा साठा मोजा. आणि 'मूक' सिनॅप्सची, म्हणजे दिसतात पण प्रतिसाद देत नाहीत अशांची, शक्यता तरीही उरते हे सांगा. एवढं सगळं सुचलंच पाहिजे असं नाही. मोठ्याने विचार करता येतो का, हे बघतात. 'माहीत नाही, पण असं तपासेन' हे उत्तर तिथे चालतं. गप्प बसणं चालत नाही.

शेवटी तुमची पाळी. विचारायचे प्रश्न : तंत्र मला रोज कोण शिकवणार? करार किती वर्षांचा, आणि प्रबंध लांबला तर पुढचे पैसे कुठून? नोंदणी कोणत्या विद्यापीठात, सल्लागार समितीत कोण? आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? मग प्राध्यापक नसताना प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का, हेही. या विनंतीला थेट नकार आला तर तो नीट ऐकून ठेवा.

## टप्पा ८ : होकारानंतर

ईमेलमधला होकार म्हणजे करार नव्हे. सही झालेला करार हातात आल्याशिवाय सध्याची नोकरी सोडू नका आणि तिकीट काढू नका.

क्रम असा : संस्थेकडून कराराची कागदपत्रं आणि बहुतेक वेळा संशोधकासाठीचा 'आउफनामेफेरआइनबारुंग', म्हणजे संस्था तुम्हाला सामावून घेतेय असा करार. त्यानंतर व्हिसा. संशोधकाचा आणि विद्यार्थ्याचा व्हिसा वेगळा असतो आणि त्यांची कागदपत्रंही वेगळी, म्हणून कोणत्या प्रकारात अर्ज करायचा हे संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या रहिवाशांचं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. पीएचडीच्या नोंदणीसाठी विद्यापीठाकडे मूळ पदव्या तपासल्या जातात, त्यामुळे मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

राहिली खोली. ग्योटिंगेनसारख्या गावात सत्र सुरू होताना ती मिळणं पॅच क्लँपपेक्षा अवघड. न पाहिलेल्या खोलीसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा, संस्थेचं अतिथिगृह पहिल्या महिन्यासाठी मागा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. पत्ता नोंदला की करक्रमांक येतो. तो वेळेत पोचला नाही तर पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या वर्गाचा कर कापला जातो. तेव्हा खोली बघताना भाड्याच्या आधी एकच विचारा : नोंदणीचा कागद देणार का?